उथळ रॅम्प आणि भरतीचं गणित: होडी पाण्यात घालण्याआधी

कोकणातल्या एखाद्या लहान बंदरावरचा काँक्रीटचा रॅम्प भरतीच्या वेळी बघितला, तर तो पाण्याखालून लांबवर गेला असेल असंच वाटतं. तोच रॅम्प सुकतीला, म्हणजे ओहोटीचं पाणी पार खाली गेलेलं असताना, बघा. पंधरा-वीस पावलांवर काँक्रीट संपलेलं असतं. काठ तुटका, पुढे एक खळगा आणि त्यापलीकडे गाळ नाहीतर पुळण, म्हणजे वाळू. पाणी आणखी शंभर पावलं लांब. ट्रेलरवर होडी घेऊन आलेला माणूस भरतीचं चित्र बघून गाडी मागे घेतो, आणि चाक त्या खळग्यात गेल्यावर त्याला सुकतीचं चित्र कळतं.

इथे डोळ्यासमोर आहे ती १४ ते १८ फुटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, खाली एका अक्षाचा ट्रेलर आणि ओढायला जीप किंवा ट्रॅक्टर. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जाणारे, होमस्टेवाले, पाण्यातले खेळ चालवणारे, अशांची ही होडी. मोठ्या मच्छीमार नौका रोज ट्रेलरवर चढत नाहीत. त्या खोल पाण्यात नांगरून ठेवतात, आणि तसं का, ते पुढे आपोआप कळेल.

पंचांग ‘कधी’ सांगतं, ‘किती’ सांगत नाही

भरतीची वेळ काढायची जुनी रीत किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असते: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता. अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब एकच, आणि दिवस-रात्रीच्या दोन्ही भरत्यांना तो लागू. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पाऊणपटीची रीत एका तिथीला ४५ मिनिटं धरते, त्यामुळे ती जवळपास बरोबर येते. अर्धा-पाऊण तास मात्र इकडेतिकडे होऊ शकतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. मालवणला ती मुंबईच्या आधी येते. मुंबईची वेळ धरून मालवणात होडी काढायला गेलात, तर पाणी उतरायला लागलेलं असेल.

फिरायला किंवा कालवं काढायला जायचं असेल तर एवढं पुरतं. रॅम्पला मात्र पाणी किती चढणार हे हवं असतं, आणि ते दर दिवशी वेगळं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण: भरती खूप चढते आणि सुकतीही खूप खाली जाते. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांग: ना धड चढ, ना धड उतार. दोन्हींचा कळस नेमक्या तिथीला न येता एक-दोन दिवस मागाहून येतो. मुंबईत उधाणाची भरती सरासरी ४.४ मीटर आणि सुकती पाऊण मीटरच्या आसपास असते. भांगाला हेच आकडे ३.३ आणि १.९. दक्षिणेकडे जाल तसा हा चढ-उतार आटत जातो. रत्नागिरीला उधाणातही तो दोन मीटरच्या आसपास, वेंगुर्ल्याकडे आणखी कमी. म्हणून अलिबागकडे चालणारा अंदाज रत्नागिरीकडे उपयोगाचा नाही.

हे आकडे भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी तक्ते छापतो, आणि मोबाइलवरही ते सहज दिसतात. मोबाइलवर बघताना कुठल्या बंदराचे आकडे आहेत ते आधी पाहा. तक्त्यातलं शून्य म्हणजे समुद्राचा तळ नव्हे, सरासरी पातळीही नव्हे. जवळपास कुठलीच सुकती ज्याच्या खाली जात नाही अशी ती एक ठरवून घेतलेली रेघ आहे. ‘भरती २.३ मीटर’ म्हणजे त्या रेघेच्या वर २.३ मीटर पाणी. तुमच्या रॅम्पवर किती, ते रॅम्पचं टोक त्या रेघेच्या किती वर आहे यावर ठरतं.

रॅम्प मोजायचा कसा

एक दिवस यासाठी द्यावा लागतो. होडी घरीच ठेवा. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, वारा नसेल अशा दिवशी जा. सुकतीला टोकापर्यंत चालत जाऊन काँक्रीट कुठे संपतं ते बघा आणि बाजूच्या एखाद्या दगडावरून किंवा जेटीच्या खांबावरून त्या जागेची खूण धरा. मग टोकापुढे चाला, जिथे होडी तरंगत जाणार त्या वाटेने. चिखल असेल तर चालू नका, काठीने चाचपा. इथे एक फसवी गोष्ट असते. लोक होडी परत ट्रेलरवर घेताना इंजिनाच्या जोरावर चढवतात, तेव्हा पंख्याच्या झोताने टोकाखालची वाळू उकरली जाते. ती पुढे चार-पाच मीटरवर जाऊन बसते आणि तिथे उंचवटा तयार होतो. म्हणजे टोकाशी खळगा आणि पुढे बांध. पाणी टोकावर पुरेसं असलं तरी होडी त्या बांधावर टेकते. टोक आणि बांध यांत जो उंच असेल, तोच हिशोबाला धरायचा.

मग भरतीची वाट बघा. एका बांबूवर दर दहा सेंटिमीटरला रंगाचे पट्टे मारा. भरतीच्या ऐन वेळी पाणी अर्धा तास जवळपास थबकलेलं असतं, तेव्हा टोकावरची खोली मोजा. समजा तक्ता म्हणतो भरती २.२ मीटर, आणि बांबू टोकावर १.३ मीटर दाखवतो. टोकाची पातळी झाली ०.९ मीटर. वेगवेगळ्या दोन-तीन दिवशी मोजा. आकडा दहा सेंटिमीटरच्या आत जुळला तर विश्वास ठेवा. रॅम्पवर चार मीटर अंतरावरच्या दोन जागांची खोलीही मोजून घ्या. फरक ५० सेंटिमीटर आला तर उतार आठास एक. ट्रेलरसाठी हाच उतार चांगला. दहास एक किंवा त्याहून सपाट रॅम्पवर होडी तरंगायच्या आधी गाडीची मागची चाकं पाण्यात जातात, आणि सहास एकपेक्षा उभा असला तर ओल्या काँक्रीटवर गाडी वर येत नाही.

आता होडीचं माप. इंजिन वर उचललेलं असताना भरल्या होडीचा बुडणारा भाग धरा ३० सेंटिमीटर. ट्रेलरच्या रोलरवर होडीचा तळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर वर. म्हणजे होडीची मागची फळी जिथे येते, तिथे ७५ सेंटिमीटर पाणी असलं की ती उचलायला लागते. ट्रेलरची चाकं टोकाच्या निदान एक मीटर अलीकडे थांबवायची, तेव्हा मागची फळी साधारण टोकाच्या वर येते. टोक ०.९ अधिक ०.७५, झाले १.६५. यात लाटेसाठी आणि हवेसाठी १५ सेंटिमीटर घाला. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल वाढला की समुद्र सुमारे १ सेंटिमीटर खाली दबतो, आणि जमिनीकडून जोराचा वारा असला तरी किनाऱ्याचं पाणी थोडं मागे हटतं. तक्त्यात यातलं काहीच नसतं. म्हणजे या रॅम्पला हवी १.८ मीटरची पातळी. हा एक आकडा हाती आला की अर्धं काम झालं.

पाणी एकसारखं चढत नाही

सुकतीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. एकूण चढ बारा हिश्शांत वाटा. पहिल्या तासाला १ हिस्सा, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, चौथ्याला ३, पाचव्याला २, सहाव्याला १. उतरतानाही तसंच.

रत्नागिरीच्या बाजूचा उधाणाचा एक दिवस धरू: सुकती पहाटे ५:३० ला ०.५ मीटर, भरती ११:३० ला २.३ मीटर. चढ १.८ मीटर, एक हिस्सा १५ सेंटिमीटर. साडेसहाला पाणी ०.६५, साडेसातला ०.९५, साडेआठला १.४०, साडेनऊला १.८५, साडेदहाला २.१५. आपल्याला हवे १.८०, म्हणजे रॅम्प ९:२५ च्या सुमाराला ‘उघडतो’. उतरताना दीड वाजता पाणी पुन्हा १.८५ वर येतं आणि १:३५ ला तो ‘बंद’ होतो. चार तास दहा मिनिटं. भरती ११:३० ला आहे हे माहीत असणं आणि रॅम्प ९:२५ ते १:३५ उघडा आहे हे माहीत असणं, यात फार अंतर आहे. साडेआठ ते साडेनऊ या एका तासात पाणी ४५ सेंटिमीटर चढलं, हेही बघून ठेवा. दुपारी साडेबारा ते साडेतीन या वेळात ते सव्वा मीटरच्या आसपास खाली जातं. ‘दहा मिनिटांनी काय होतंय’ म्हणणाऱ्यांची होडी याच वेळात बसते.

आता भांगाचा दिवस घ्या. सुकती १.१, भरती १.७. दिवसभरात पाणी १.८ ला पोचतच नाही. त्या दिवशी या रॅम्पवरून ट्रेलरची होडी निघत नाही.

याच्या पोटात कोकणची एक खास गोम आहे. पाऊणपटीचा हिशोब पुन्हा बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती येते दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे, अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. म्हणजे मोठं पाणी नेहमी भर दुपारी, आणि पहाटे निघायला सोयीची भरती नेमकी भांगाची, अपुऱ्या पाण्याची. उथळ रॅम्पवर हे दोन्ही एकत्र कधीच जमत नाही. वारा मात्र उलट वागतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो, किनाऱ्याजवळचं पाणी आरशासारखं असतं. दुपारनंतर खारा वारा सुटतो, फेब्रुवारी ते मे या काळात तर वायव्येकडून चांगलाच जोर धरतो. म्हणून उधाणाच्या दिवशी निघताना शांत पाणी मिळतं आणि परत येताना लाट. होड्या पाण्यातच नांगरून ठेवण्याची मच्छीमारांची पद्धत सवयीची वाटते, पण मुळात ती याच पेचावरची तोड आहे.

दिवसाच्या आणि रात्रीच्या भरतीतही फरक असतो. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी, हिवाळ्यात रात्रीची. डिसेंबरातल्या पौर्णिमेला दुपारच्या पाण्यावर भिस्त ठेवायची तर तक्त्यातला दुपारचाच आकडा वाचा. वरवर बघून मोठा आकडा उचलला, तर तो मध्यरात्रीचा निघतो.

आधी परतीची वेळ

वरच्या दिवशी निघायचं ९:३० ला. परत यायचं कधी? १:३५ ला रॅम्प बंद होतो, पण होडी ट्रेलरवर घेताना काहीतरी राहतंच: दोर अडकतो, कुणाची तरी होडी पुढे असते, वाऱ्याने नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, फिरते. रॅम्पसमोर पावणेएकला हजर व्हा. म्हणजे समुद्रात तीन तास. त्याहून जास्त हवे असतील, तर रात्री दहापर्यंत दुसरी संधी नाही, आणि अंधारात अनोळखी रॅम्पवर होडी चढवणं हा शहाणपणा नव्हे.

चढत्या पाण्यावर निघणं नेहमी बरं, याचं कारण साधं आहे. चढत्या पाण्यात होडी टेकली तर पाणीच ती उचलतं, उतरत्या पाण्यात टेकली तर पुढचे आठ तास तिथेच. उधाणाच्या ऐन भरतीला टेकली तर आणखी वाईट, कारण पुढच्या दिवसांत भरती उतरत जाते आणि तेवढं पाणी परत यायला पंधरवडा लागतो.

रॅम्प खाडीच्या आत असेल तर आणखी दोन गोष्टी. खाडीत आत जाल तशी भरती मुखापेक्षा उशिरा येते, तेव्हा तक्त्यातली वेळ थेट लावू नका. दुसरं, मुखाशी वाळूचा दांडा असतो. दाभोळ, जयगड, बाणकोट किंवा देवबाग, नदी समुद्राला मिळते तिथे हे ठरलेलंच, आणि दरवर्षी दांड्याची जागा थोडी बदलते. ओहोटीचं पाणी खाडीतून जोराने बाहेर पडतं आणि समुद्राची लाट समोरून येते. दोघांची गाठ दांड्यावर पडते आणि लाट उभी राहून फुटते. लहान होडी उलटण्याचे प्रसंग इथलेच. दांडा ओलांडायची वेळ म्हणजे भरतीचे शेवटचे दोन तास आणि थबकलेलं पाणी. रॅम्पची वेळ आणि दांड्याची वेळ यांत जी आखूड, तीच आपली. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज निघण्याआधी बघा. इथे वारा नसतानाही दूरच्या वादळाची लांब लाट किनाऱ्यावर येते, आणि ती आकाशाकडे बघून कळत नाही.

रॅम्पवर

सगळी तयारी वर, कोरड्या जागेवर करायची. रॅम्पवर गाडी उभी करून कूलर आणि गळ चढवणारे लोक बघितले की मागच्यांचा जीव वर-खाली होतो, कारण प्रत्येक मिनिटाला पाणी हलतंय.

वर आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं ट्रेलरला थंड होऊ द्या. घाट उतरून आलेल्या चाकांचे हब तापलेले असतात. ते गार खाऱ्या पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढरट होतं, आणि बेअरिंग जातं ते परतीच्या घाटात. तेवढ्या वेळात होडीच्या तळाचं बूच लावा. हाताने लावा, आवळा आणि दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. जेटीवर हसू होण्याचं हे सर्वांत जुनं कारण आहे. इंजिन वर उचलून कुलपात अडकवा. इंधनाच्या टाकीचा हवेचा स्क्रू उघडा. ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीपासून काढा, नाहीतर पाण्यात दिवे उडतात. मागचे पट्टे सोडा. पुढचा विंचचा, म्हणजे होडी ओढून घ्यायच्या हातचरकाचा, पट्टा मात्र होडी पाण्यात जाईपर्यंत सोडायचा नाही. तो वरच सुटला की ओल्या रोलरवरून होडी काँक्रीटवर उतरते. नाळेला आठ-दहा मीटरचा दोर बांधा आणि त्याचं टोक माणसाच्या हातात द्या. लाइफ जॅकेट वरच घाला, पाण्यात उतरून नाही.

आता रॅम्पकडे नीट बघा. वर काँक्रीट कोरडं, पांढरट-करडं. त्याखाली काळपट ओला पट्टा. त्याच्याखाली हिरवा. हिरवा पट्टा म्हणजे रोज पाण्याखाली जाणारी जागा, त्यावर शेवाळाचा साबणासारखा थर. बुटाची टाच दाबून घासा: हिरवं निघून खालचं काँक्रीट दिसलं तर ठीक, टाच तशीच सरकली तर गाडीचं चाकही तसंच सरकेल. गाडीची ओढणारी चाकं हिरव्यावर येता कामा नयेत. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचं इथे विशेष वाईट होतं, कारण चढावर वजन मागे जातं, ट्रेलरचा भारही मागेच पडतो, आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. चारही चाकं ओढणारी जीप किंवा ट्रॅक्टर बरा.

हिरवा पट्टा लांब असेल तर ट्रेलर गाडीपासून सोडून दोराने खाली सोडतात. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली आधाराचं लहान जॉकी चाक, गाडी वर कोरड्यावर, मध्ये २० मिलिमीटरचा दहा मीटर नायलॉन दोर. होडीसकट ६०० किलोचा ट्रेलर आठास एक उतारावर सुमारे ७५ किलोच्या जोराने खाली ओढतो. दोन माणसं सहज धरतील असा हा आकडा, आणि म्हणूनच लोक हाताने धरायला जातात. पण शेवाळावर पायच ठरत नाहीत, त्यामुळे तो जोर गाडीच्या हुकानेच घ्यावा. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

गाडीने मागे घेत असाल तर काचा खाली, सीटबेल्ट काढलेला, इंजिन चालू, कारण बंद केलं तर सायलेन्सरमधून पाणी आत येतं. थांबलं की हँडब्रेक, आणि गाडीच्या चाकामागे लाकडी ठोकळा. ठोकळ्याला दोरी बांधून ठेवा, म्हणजे निघताना तो पाण्यात राहत नाही. पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायात जाड तळव्याचे बूट हवेत. रॅम्पच्या कडांवर कालवं असतात, आणि त्यांची धार ब्लेडसारखी. वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे तळाशी पहुडलेला पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, दूर सरतो.

होडीची मागची बाजू हलायला लागली की विंच सोडा, होडी हाताने मागे ढकला, दोराने बाजूला घ्या. होडी तरंगली तरी इंजिन लगेच खाली सोडू नका. खाली सोडलेलं इंजिन तळाच्या खाली आणखी ३० ते ४० सेंटिमीटर जातं. त्याला पाऊण मीटर पाणी हवं, वाळूवर एक मीटर बरा. उथळात पंखा वाळू उडवतो, ती थंड करणाऱ्या पाण्याबरोबर आत जाते आणि पंपाचं रबरी चक्र खाते. सुरू केल्यावर मागून पाण्याची पिचकारी येते का ते बघा. नसेल तर लगेच बंद करा. तोवर वल्ह्याने किंवा बांबूने बाहेर काढा.

परत येताना सगळं उलट्या क्रमाने, एवढ्यावर भागत नाही. मागून लाट असते, आणि ट्रेलर जास्त खोल घातला तर होडी रोलरवर तिरकी बसते. ट्रेलरचे मागचे रोलर पाण्याच्या जेमतेम खाली राहतील एवढाच बुडवा. नाळ मधल्या रोलरवर टेकली की विंचने ओढा. इंजिनाच्या जोराने चढवू नका. टोकाखालचा तो खळगा कोणी केला, ते वर आलंच आहे.

रॅम्प नसेल तर

पुळणीवरून होडी घालणारे लोक कोकणात शेकडो वर्षं आहेत. आडवे ओंडके, त्यांवर तेल, आठ-दहा माणसं, आणि मागचा ओंडका काढून पुढे. ट्रेलरने तेच करायचं तर ओल्या, घट्ट वाळूवर राहायचं. कोरड्या वाळूत चाकं रुततात, आणि पाण्याच्या अगदी कडेला उभं चाक लाट मागे जाताना खालची वाळू नेते म्हणून खचतं. वाहन तिथे दोन मिनिटांहून जास्त थांबवू नका. अनेक किनाऱ्यांवर पुळणीत गाडी नेण्याला मनाई आहे, ते आधी विचारा. वेळास-आंजर्ल्यासारख्या ठिकाणी हिवाळ्यात कासवं वाळूत अंडी घालतात, तिथे तर वरच्या पुळणीवर चाक नकोच. फेरीबोटीचा, म्हणजे जंगलजेटीचा, उतारही मोकळा दिसतो म्हणून वापरू नका. पण बघण्यासारखा आहे: बोटीची फळी सुकतीला उताराच्या खालच्या भागात टेकते, भरतीला वरच्या. पाणी किती हललं ते अर्ध्या तासात डोळ्यांनी दिसतं.

बसलीच तर

इंजिन बंद करून वर उचला. सगळ्यात आधी नांगर खोल पाण्याच्या दिशेला, दोर पुरेल तितका लांब टाका, नाहीतर चढतं पाणी होडी आणखी वर ढकलतं. होडी एका कुशीवर कलणार असेल तर ती किनाऱ्याच्या बाजूला कलेल असं वजन ठेवा. समुद्राच्या बाजूला कललेल्या होडीत भरतीची पहिली लाट शिरते, आणि होडी उचलायच्या आधी भरते. खाडीतल्या चिखलात उतरून ढकलायला जाऊ नका. गुडघ्यापर्यंत गेलेला पाय ओढताना दुसरा मांडीपर्यंत जातो, आणि पाणी परत येतच असतं. होडीत बसा, फोन करा, वाट बघा.

घरी गेल्यावर इंजिनातून दहा मिनिटं गोडं पाणी, ट्रेलरच्या हबांवर, स्प्रिंगच्या पानांवर आणि विंचवरही गोडं पाणी. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू समुद्रात नेतात आणि पावसानंतर ती हळूहळू परत आणतात. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर टोक, खळगा आणि बांध पुन्हा मोजावे लागतात. हिशोबाला धरलेली पातळी दहा-वीस सेंटिमीटरने बदलते आणि तेवढ्याने रॅम्प अर्धा तास उशिरा उघडतो.

१.८ मीटर हा आकडा दरवेळी मोबाइलवर शोधत बसायचीही गरज नाही. बहुतेक जेट्यांना पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या असतात. ज्या दिवशी मोजमाप कराल, त्या दिवशी पाणी त्या पातळीला येईल तेव्हा कुठली पायरी बुडते ते बघून ठेवा. समजा वरून सहावी. पुढच्या वेळी सहावी पायरी ओली झाली की ट्रेलर मागे घ्यायचा. परतताना ती पुन्हा उघडी पडलेली दिसली, तर रॅम्पकडे न वळता होडी खाडीतल्या खोल पाण्यात नांगरायची.